क्लच वायर लावलेले मॅन्डोलिन

मी एक जुने मॅन्डोलिन आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरे सांगायचे तर माणसांवरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे. एकाने मला विसरून मारले आणि दुसऱ्याने प्रेम करून. दोघांचीही गोष्ट सांगते, पण मध्ये उगाच हळहळू नका. त्या हळहळीने माझी एक खुंटीसुद्धा फिरत नाही.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. हलक्या लाकडाचे पोट, बारीक मान आणि दोन-दोनच्या जोडीने आठ तारा. जिंतूरच्या गोपाळ मास्तरांनी मला परभणीच्या दुकानातून आणले. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. बोरीपासून चारठाण्यापर्यंत एकही लग्न आमच्याशिवाय होत नसे. मास्तर मला वाजवू लागले की पंगतीतली माणसे हातातला घास धरून ऐकत बसत. तेव्हा मी फार तोऱ्यात होते, हे कबूल करते.

मग कीबोर्ड आला. त्याच्या एका बटणात माझा आवाज आहे, असे लोक म्हणू लागले. नव्हता. पण लोकांना तेवढ्यावर भागले. मास्तरांनी ऑर्केस्ट्रा मोडला, शेती धरली आणि मला फवारणीच्या पंपाशेजारी खिळ्याला टांगले. चोवीस वर्षे! तारा गंजून एकेक करून गळाल्या. मास्तर रोज त्या खोलीत येत, बियाण्याची पिशवी उचलत आणि निघून जात. एकदाही त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. आता मला एवढेच हवे होते, की मरायच्या आधी एकदा तरी माझ्या स्वतःच्या आवाजात बोलता यावे.

अशात शंभुराज आला. त्याचे दोन गल्ल्या पलीकडे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो तांब्याची तार भरून पुन्हा चालू करतो. हात सोन्याचा, पण डोक्यात एकच खूळ. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांतले ते ब्लूग्रास नावाचे तारवाद्यांचे संगीत आणि त्याच्यावर वाढलेले नव्या पोरांचे ऑल्ट-कंट्री बँड. मोबाईलवर कधीतरी एक गाणे आपोआप लागले आणि हा त्यात गेला तो गेलाच. कोणत्या बँडमधून कोण कधी फुटले, कोणत्या गाण्यात फिडल, म्हणजे तिकडचे व्हायोलिन, कुठे शिरते, हे त्याला पाठ, आणि त्या सगळ्यात त्याचा जीव मॅन्डोलिनवर. मोटार न्यायला आलेल्या शेतकऱ्याला तो आधी दोन गाणी ऐकवी, मग मोटार देई. समोरचा डीजेवाला बालाजी म्हणे, की शंभूच्या दुकानातून मोटार परत मिळते, पण कान जळून जातात.

गोपाळ मास्तरांची मोटार जळाली तेव्हा बोलता बोलता माझा विषय निघाला. मॅन्डोलिन हे नाव ऐकताच शंभुराज हातातले काम टाकून धावत आला. त्याने मला खिळ्यावरून काढले, शर्टाच्या बाहीने पुसले, आणि त्याचे डोळे भरून आले. मित्रांनो, त्या क्षणी मी फसले. मास्तर त्याला एवढेच म्हणाले, "तारा लावायच्या आदी माज्याकडं ये. लय नाजूक मान हाय तिची."

"मोबाईलवर समदं हाय, मास्तर," तो म्हणाला.

मोबाईलवर सगळे असेलही. पण त्याला ते पाहायला सवड होती कुठे? बालाजीने सगळ्यांसमोर डिवचले तेव्हा हा बोलून बसला होता, की येत्या बाजारच्या दिवशी दुकानासमोर वाजवून दाखवतो. माझ्या तारा जिंतुरात मिळत नाहीत. मागवल्या तर आठ दिवस लागणार होते आणि बाजार चार दिवसांवर आला होता. आधी त्याने वाइंडिंगची तांब्याची तार लावली. ती ताणली की लोंबायची. मग त्याने मोटारसायकलची क्लच वायर उसवली आणि तिचे पोलादी पदर माझ्या आठही खुंट्यांना गुंडाळले. आणि ताणले. वाइंडिंगवाल्याला एकच भीती असते, की सैल वेढा राहिला तर मोटार जळते. त्याने तोच नियम मला लावला. जोर लागेना तेव्हा पक्कड घेतली. मी कण्हत होते आणि हा पठ्ठ्या मोबाईलवर त्या बँडांची गाणी लावून आनंदाने डोलत होता. त्याचा मला जितका राग आला, तितका त्या खिळ्याचाही कधी आला नव्हता.

बाजारच्या दिवशी दुकानासमोर माणसे जमली. शंभुराजने माझ्यावर हात मारला. जे निघाले त्याला आवाज म्हणू नये, ती किंकाळी होती. लोक हसले. त्याने पक्कड उचलून आणखी एक पीळ दिला, आणि माझ्या मानेशी लाकूड करकरले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पोटात रुतली.

गर्दीतून गोपाळ मास्तर पुढे आले. हातातली भाजीची पिशवी त्यांनी खाली ठेवली, मला मांडीवर घेतले आणि एकेक जोडी सैल करू लागले. थोडी ही, थोडी ती. प्रत्येक वेळी कान लावून नखाने हलकेच छेडत. आणि उतरता उतरता दुसरी जोडी आपल्या सुरावर आली. मी बोलले. स्वच्छ, माझ्याच आवाजात, चोवीस वर्षांनी.

शंभुराज जागच्या जागी खाली बसला. "हाच," तो म्हणाला. "मास्तर, हाच आवाज. इथंच ठिवा."

मास्तरांचा हात थांबला नाही. "ठिवता येत न्हाई, बाळा. मान तुटंल," ते म्हणाले आणि त्यांनी ती जोडी पूर्ण सोडली. तरीही मी त्यांना माफ केलेले नाही. हा हात त्या खोलीत रोज माझ्यापासून वीतभर अंतरावर येत होता.

आता मला तार पेलत नाही. मी वाइंडिंगच्या दुकानात टांगलेली आहे, पुन्हा खिळ्यालाच. मित्रांनो, मला तुमचे प्रेम नको, ते तुमच्यापाशीच ठेवा. पण ज्या वस्तूवर जीव जडेल, तिला हात लावण्याआधी तिच्या जाणत्याला विचारा. आणि तुम्ही स्वतः जाणते असाल तर मान वर करून तिच्याकडे बघा. शंभुराजला सातासमुद्रापलीकडचा प्रत्येक वादक नावानिशी ठाऊक होता आणि मास्तर दोन गल्ल्यांवर राहत होते.

दुकानात अजून ते बँड वाजतात. मॅन्डोलिनचा तुकडा आला की शंभुराज हातातली तार खाली ठेवतो आणि माझ्याकडे बघत बसतो. बघू दे.