सोडणारा हात

गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांच्या घरांत तेव्हा दिवसभर हातमाग खटखटत. मागावरचा ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा धागा जोडायचा, हे काम बायांचं. दोन हजारांवर गाठी. बोट थुंकीनं ओलं करायचं, चिमटीत पीळ द्यायचा, की गाठ पक्की. प्रेमिलासारखी गाठ साऱ्या ओळीत कोणाची नव्हती.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात तिला मेंदूज्वर झाला. तीन आठवडे दवाखाना, त्यातले नऊ दिवस शुद्ध नाही. घरी आली ती चालत, बोलत आली. फक्त डावा हात तिचा राहिला नव्हता.

उजव्यानं गाठ मारावी आणि बोलता बोलता डाव्यानं ती सोडावी. प्रेमिलाला कळतही नसे. खाली पाहावं तर पाच बोटं संथपणे आपलं काम करत असायची.

"कोणत्या पार्टीचा हाये वं हा?" नवरा लहानू हसायचा. "उजवा बांधते, डावा फोडते!"

सासू कांताबाई हसली नाही. तिनं सहा महिन्यांच्या शामलाला प्रेमिलाच्या मांडीवरून उचललं आणि पोरीच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा ताईत घट्ट बांधला.

"डाक्टर म्हणते ताप उतरला, मेंदूत खूण राहिली. भरली तर भरंन, नाही तर नाही. मंग हे कोण करून राहिलं? हात ठिकाणावर येईस्तोवर पोरगी तुह्याजवळ देत नाही मी."

त्या दिवसापासून पाजायच्या वेळी सासू पोर धरायची आणि प्रेमिला डावा हात पाठीमागे, उजव्यात पकडून बसायची. महिनाभर असंच चाललं. एका दुपारी तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, माहा हात बांधा. पण एकडाव मांडीवर द्या वं तिले."

कांताबाईचा जीव विरघळला. चार पदरी सूत ओलं करून तिनं तो हात मागाच्या खांबाला करकचून बांधला, पोर प्रेमिलाच्या मांडीवर ठेवली आणि नळावर गेली.

प्रेमिलानं उजव्या हातानं लेकीला छातीशी धरलं. टाळूचा वास घेत डोळे मिटले. कोणीतरी पोरीला थोपटत होतं. हळूहळू, अगदी आईनं थोपटावं तसं.

तिनं डोळे उघडले. सूत जमिनीवर पडलं होतं. तुटलं नव्हतं, सुटलं होतं. कोष्ट्याच्या घरात कांताबाईला ताण्याच्या गाठीवाचून दुसरी कोणती गाठ येणार? आणि ती गाठ त्या बोटांना तोंडपाठ.

आला, माझा हात परत आला, असं वाटून तिचे डोळे भरले. तेवढ्यात थोपटणं थांबलं. बोटं पोरीच्या मानेकडे सरकली, काळ्या दोऱ्याची गाठ चाचपू लागली. घट्ट गाठ सैल करायची तर आधी ती ओढावी लागते. दोरा मऊ मानेत रुतू लागला.

"आत्याबाई! न्या वं! पोरगी न्या माह्यापासून!"

कांताबाई घागर टाकून धावली. पोर हिसकून उजेडात नेली. मानेवर वळसुद्धा नव्हता. पोरगी चक्क हसत होती. दोरा डाव्या चिमटीत होता, अख्खा, गाठ अलगद सुटलेला.

"काही नाही झालं वं. घे," म्हणत कांताबाईनंच पोर पुढं केली.

प्रेमिलानं मान हलवली. आता तिनं उजवा हातही पाठीमागे नेला. डावा मात्र मांडीवरच राहिला. चिमटीतला दोरा खाली पडला आणि तळवा हळूच वर वळला, काही मागत असल्यासारखा.