तीन चेंडूंचं यंत्र

संस्कृतीनं नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि फुंकलं. प्लास्टिकच्या यंत्रातले तीन चेंडू जागचे हलले नाहीत.

"अजून जोरानं, माय," आई म्हणाली. "चुलीत फुंकणी फुंकतो ना आपण, तसं."

उंबऱ्याशी निकिता मेथी निवडत होती आणि मेथीवरच राग काढत होती.

केनवडच्या त्या घरात सध्या दुसरा विषय नव्हता. धाकट्या संस्कृतीचा कणा वाकडा वाढत होता. एका बाजूच्या फासळ्या दबल्या होत्या आणि फुप्फुसाला पसरायला जागाच उरली नव्हती. ऑपरेशन करायचं, पण आधी छातीत दम यायला हवा, नाहीतर भूल देणं धोक्याचं, असं वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून हे यंत्र.

निकिताला बहिणीचा हेवा वाटायचा, चांगला पोटभर. दुधावरची साय संस्कृतीला, तेलाचा हात संस्कृतीच्या पाठीला, आईची कूसही संस्कृतीलाच. निकिता तालुक्यात धावण्यात पहिली आली तेव्हा आई "बरं झालं" म्हणाली आणि साय काढत राहिली.

त्या हेव्यापायी तिनं एक गोष्ट गिळली होती. आई औषधं आणायला आणि संस्कृती एक्स-रे काढायला गेली असताना डॉक्टरांनी यंत्र निकितालाच समजावलं होतं. फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. घरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलंही होतं. पण घरात पाय टाकताच आईनं यंत्र तिच्या हातून घेतलं. "आण इकडं, तू पाडशीन." मग बसा फुंकत, असं मनाशी म्हणून ती गप्प राहिली.

आज आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकबी चेंडू हालत नाई. कसं करतीन मंग ऑपरेशन?"

माझ्यासाठी कधी रडली ही? निकिता ताडकन उठली. तिनं यंत्र उचललं, नळी तोंडात धरली आणि श्वास खेचला. तिन्ही चेंडू वर चढले आणि वरच राहिले. आता तरी आईनं आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आईनं पाहिलं, पण चेंडूंकडे.

"आत वढलं तू?"

पदरानं नळी पुसून तिनं ती लगेच संस्कृतीच्या हाती दिली. संस्कृतीनं श्वास ओढला. पहिला चेंडू थरथरत वर गेला आणि पडला. ती धापा टाकत हसली.

मग आईनं निकिताला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली.

"हुशार माही लेक. कोणाले नाई समजलं, हिले समजलं."

हाताला खोबरेल तेलाचा वास होता. किती दिवस निकिताला हा हात हवा होता.

"ताई, तुले कसं समजलं?" संस्कृतीनं विचारलं.

निकितानं खाली सांडलेल्या मेथीकडे पाहिलं.

"डॉक्टरनं सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

आईचा फिरता हात थांबला. निकिता मान खाली घालून तो उचलला जाण्याची वाट पाहत राहिली. हात डोक्यावरच होता.