शर्टाची साक्ष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोनशे आईबाप, आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापल्या मुलाचा एकदा घातलेला कपडा. मुलं घरी होती. या कामात त्यांची गरज नव्हती.

मंचावर शुद्धीगुरू बसले होते, पांढऱ्या झग्यात, बाह्या कडक. समोर काचेच्या भांड्यात सात झऱ्यांचं म्हणून सांगितलेलं पिवळसर पाणी. त्यात कपड्याचं टोक बुडायचं. काळंनिळं पडलं तर मूल नशेत. तसंच राहिलं तर निर्मळ. मग गुरू डोळे मिटून दुसऱ्या कुपीतलं पाणी त्यावर सोडायचे, आणि डाग विरून जायचा. लोक हात जोडायचे.

"नशा कपड्यातून गेली," गुरू म्हणायचे, "आता पोरातून काढू. एकवीस दिवस शिबिरात ठेवा. दार बाहेरून बंद. भेट नाही, डॉक्टर नाही."

माझी धाकटी बहीण भाचीचा शाळेचा शर्ट घेऊन बसली होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. सोबतीला म्हणून नेलं होतं. भाची सोळाची. वर्षभर तिचा थांगच लागत नव्हता. चार दिवस अंथरूण सोडायची नाही, पाचव्या दिवशी ताट भिंतीवर. मग दप्तरात गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. बहिणीने तिला कुणी दिल्या, कधीपासून, लाज कशी नाही, सगळं विचारलं. तुला काय होतंय, एवढंच राहून गेलं.

शर्ट काळा पडला. रविवारी मुलीला शिबिरात पोचवायचं बहिणीने कबूल केलं.

आमच्यानंतर टेम्पोवाल्याचा नंबर होता. त्याच्या मुलाला नशा करताना शाळेच्या गच्चीवर मीच दोनदा पकडलं होतं. त्याचा टी-शर्ट लख्ख राहिला. गुरूंनी बापाची पाठ थोपटली.

बहीण लाँड्रीत इस्त्री करते. दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत शाळेत आली.

"दादा, काळे पडले ते सगळे शर्ट आमच्या लाँड्रीतले होते. खळ मीच दिलेली. टी-शर्टांना कुठे आपण खळ देतो?"

मी प्रयोगशाळेतून आयोडीन काढलं, पाण्यात दोन थेंब टाकले आणि तिच्या खळ दिलेल्या पदराचं टोक त्यात बुडवलं. काळंनिळं. खळ म्हणजे पिष्ट. पिष्टाला आयोडीन लागलं की हाच रंग येतो. मग सी जीवनसत्त्वाची गोळी विरघळवून ते पाणी त्यावर सोडलं. डाग गेला. बहिणीने पदर पिळला. मग म्हणाली, "गुरूंचे झगेही आमच्याकडेच येतात."

रविवारी हॉलमध्ये पुन्हा तशीच सभा होती. ती मुलीला न घेताच मंचावर चढली आणि गुरूंना बाही बुडवायला सांगितली. साधूच्या वस्त्राची परीक्षा घेत नाहीत, असं ते म्हणेपर्यंत तिने सराईत हाताने बाहीचं टोक धरून पाण्यात घातलं होतं. बाही दौतीत बुडवल्यासारखी झाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

गुरू सावरून म्हणाले, "पण तुझ्या मुलीच्या दप्तरात गोळ्या निघाल्या की नाही?"

"निघाल्या. ते तुम्हाला मीच सांगितलं होतं."

मी उभा राहून आयोडीनची बाटली सगळ्यांना दाखवली आणि डाग नशेचा नाही, खळीचा, हे सांगितलं. लोक कपड्यांच्या घड्या करून निघाले. गुरूंना नारळ द्यायला आलेला टेम्पोवाला तेवढा माझ्याजवळ आला. "सर, म्हणजे माझा मुलगा..." मी म्हटलं, घरी जा, त्याच्याशी बोला, मीही येतो.

भाची गोळ्या घेत होती, हे खरंच निघालं. मैत्रिणीने दिलेल्या, घेतल्या की डोकं शांत होतं, म्हणाली. मनोविकारांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मनाचा आजार आधीचा आहे, गोळ्या नंतरच्या. दोन्हींवर उपचार आहेत, महिने लागतील. थेंबभर पाण्याने काही होणार नाही.

आईबापांनो, मुलाच्या मनात काय चाललंय, ते त्याच्या कपड्याला माहीत नसतं. मुलाला विचारा. त्यालाही सांगता येत नसेल, तर त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. आणि विचारलंत की उत्तराची वाट बघा. भाचीला पहिलं वाक्य बोलायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बहीण तिच्या शेजारी गप्प बसून होती.