बरा झालेला उंदीर

दादाच्या वॉर्डाबाहेर मला बसवत नव्हतं. उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी वहिनी वैतागली. "बस गं एका जागी. मला गरगरायला लागलंय."

दादा शिंपी. तापाचा विषाणू मेंदूत शिरल्यापासून तो आम्हाला ओळखत नव्हता. नुसता चादरीची किनार चिमटीत धरून ओढत राहायचा. आणि मी, त्याची धाकटी बहीण, पोटापाण्यासाठी मेंदूतल्या राखणदार पेशीच बघते. उंदराच्या मेंदूचा पातळ काप, त्यावर रंग, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा. एरवी या पेशी आपल्या बारीक फांद्या हलवत सगळीकडे चाचपत असतात. विषाणू आला की फांद्या आखडून गोल होतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. मला त्यांचं फार कौतुक. स्वस्थ बसणं त्यांनाही जमत नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "विषाणू आता सापडत नाहीये, पण सूज वाढतेय. मेंदूतल्या राखणदार पेशी थांबायचं नाव घेत नाहीयेत. त्यांना शांत करायचं औषध द्यावं म्हणते. तुमची संमती हवी."

वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "हिला यातलं कळतं. ही म्हणेल तसं."

"मुळीच नाही," मी उसळलेच. "आम्ही उंदरांमधल्या या पेशी औषधाने काढून टाकल्या होत्या. विषाणूने सगळ्यांचा फडशा पाडला. एक वाचला नाही!"

"औषध कधी दिलं होतं? विषाणूच्या आधी की नंतर?"

"आधी."

"आणि ज्यांच्या पेशी शाबूत होत्या, ते उंदीर बरे झाल्यावर कसे वागायचे?"

मी आठवून पाहिलं. आमच्याकडे बरा झालेला उंदीर नसतोच. मेंदूचा काप हवा तर उंदीर मारावा लागतो, आणि लढाई ऐन रंगात आली की आम्ही तो मारतो. शत्रू संपला तरी हे राखणदार कधीकधी हात आवरत नाहीत, घरचंच तोडत सुटतात, हे मी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं मी मानत नाही, हा माझा तोरा. त्या तोऱ्यापायी मी दादाच्या जिवाशी खेळायला निघाले होते. स्वतःचीच चीड आली.

"वहिनी, सही कर. मी उगाच शहाणपणा केला."

औषध सुरू झालं. आता कापायचं काही नाही, रंगवायचं काही नाही, दादाकडे नुसतं बघत राहायचं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नर्सला इतके प्रश्न विचारले की ती मला बघून वाट बदलायला लागली.

एका सकाळी मी चादर सारखी करायला वाकले. माझ्या अंगात त्यानेच शिवलेला शर्ट होता. त्याचा हात किनारीवरून सुटला आणि माझ्या कॉलरला येऊन भिडला.

"वाकडी आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणी शिवलाय हा?"

"तूच की रे!"

त्याने कॉलर उलटी करून शिलाई बघितली. "मी? शक्यच नाही."

"अगंबाई, भांडतोय!" म्हणत वहिनी रडायला लागली. पाठीला रग लागली तरी मी तशीच वाकून राहिले. कॉलर अजून त्याच्या चिमटीत होती.