वाफ्यातली वाळकी फुलं

आमच्या बागकाम मंडळाचा एक रिवाज आहे. कुणाच्याही बागेत गेलं की चहाची वाट बघत नुसतं बसायचं नाही, सुकलेली फुलं खुडायची. फूल वाळून झाडावरच राहिलं की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या विसरतं, हे सगळ्यांच्या बोटांनाच पाठ आहे. टेलरकाका तर धागे तोडायची कात्री खिशात घालूनच फिरतात. "लोंबता धागा आणि सुकलेलं फूल मला बघवत नाही," म्हणतात.

उन्हाळ्याच्या सहलीला यंदा त्या मोठ्या सार्वजनिक बागेत जायचं ठरलं, ते आईच्या हट्टामुळे. बाबांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून एक अ‍ॅस्टर तयार केला होता. पांढरा, टोकांना पुसटशी निळाई असलेला. अ‍ॅस्टरचं बी टिकाऊ नसतं, दरवर्षी पेरावं लागतं. बाबांनी अंथरूण धरलं आणि त्या धावपळीत पेरायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी जुनं बी उगवलंच नाही. बाबांनी कधीतरी या बागेला मूठभर बी दिलं होतं, त्याचा, बाबांच्या नावाची पाटी लावलेला, एक वाफा तिथे अजून तग धरून होता.

"झाडं थोडीच आलीत," तिथल्या माळीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "पण फुलं बियांसाठी राखलीत. पिकलं असलं तर लगेच न्या."

दोन घास खाताना दमणारे बाबा त्या दिवशी स्वतःहून बोलले. "पेराल तेव्हा मला खिडकीशी बसवा."

मंडळात मात्र आईने यातलं काही सांगितलं नाही. "बी हातात येऊ दे, मग सांगू. आधीच बोभाटा नको."

बागेच्या फाटकातच माझ्या छकुलीने भोकाड पसरलं. तिचे कपडे बदलायला मी नळाशी थांबले, आणि आईही थांबली. "तुम्ही व्हा पुढे," तिने सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या अध्यक्ष, दातांच्या डॉक्टर, हसून म्हणाल्या, "नातीसमोर आम्हाला कोण विचारतंय!" छकुलीचं तोंड पुसताना आई गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे वाफ्यापाशी ओळीने उभे होते.

"वहिनी, आधी डोळे मिटा," टेलरकाका म्हणाले. "हं, आता उघडा!"

वाफा एकदम चकाचक. तण नाही, वाळकं पान नाही. आणि एकाही झाडावर एकही फूल नाही.

"तुमच्या साहेबांचं फूल, आणि काय दशा करून ठेवली होती!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं वाळून कोळ. एकाला खुडायची बुद्धी होऊ नये? आता बघा, कसा फुटवा येतो ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छकुलीनेही वाजवल्या.

आईने पदराने ओठ टिपले. "छान केलंत हो," ती म्हणाली. "यांना सांगते घरी गेल्यावर." मग टेलरकाकांच्या हातातली खुडलेल्या फुलांची पिशवी घेत म्हणाली, "द्या, मी खतात टाकून येते. तुम्ही चहाचं बघा."

माळीणबाई अवजारांच्या खोलीत भेटल्या. पिशवीत डोकावताच त्यांनी आत हात घातला. मग एकेक फूल नखाने उकलू लागल्या. वरून तपकिरी, आत मऊ आणि पांढरट.

"भरलंच नाही अजून," त्या म्हणाल्या. "आठवडाभर झाडावर राहायला हवं होतं."

"सावलीत वाळवलं तर?" आईने विचारलं.

"पोचट निघेल, ताई."

"नवी कळी येईल एखादी?"

"झाडंच वठायला लागलीत. वर्षाचं झाड हे."

"मागचं बी?"

"होतं तेवढं सगळं पेरलं. त्यातलीच ही."

आई तरी पिशवी सोडेना. माझ्या कडेवर छकुली पेंगत होती. मी म्हटलं, "आई, त्यांना सांगायला हवं होतंस गं." ती म्हणाली, "हो." आणि पिशवीचं तोंड बांधत, "आता नको सांगूस. टेलरकाका झोपायचे नाहीत."

परतीच्या बसमध्ये भेंड्या रंगल्या. आईवर अक्षर आलं की ती गाणं म्हणायची, सगळ्यांबरोबर हसायचीसुद्धा.

घरी बाबा जागे होते. आम्ही आत आलो तसा त्यांनी पांघरुणातून हात काढला आणि तळवा उघडून तसाच धरला.

आईने तिथे स्वतःचा हात ठेवला. "अजून पिकलं नाही हो. आठवडा लागेल म्हणाल्या."

बाबा छताकडे बघत राहिले. "आठवडा," ते पुटपुटले. मग म्हणाले, "तोवर माती चाळून ठेव."

दुसऱ्या दिवशी बाबांना दिसेल अशी खिडकीबाहेर बसून आई माती चाळत होती. मी चाळणीचा दुसरा काठ धरला. माती पडत राहिली, बारीक, मऊ, खडा नसलेली. आतून बाबांनी विचारलं, "झाली का?"

"होतेय," आई म्हणाली, आणि चाळलेलीच माती तिने पुन्हा चाळणीत ओतली.