निमाईदांची दहा मिनिटं

हेमंत बोडस तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता, तर गेले तीन आठवडे जेवण तरी गोड लागलं असतं.

रविवारची सकाळ होती. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये पोह्यांची बशी पुढ्यात निवत होती आणि हेमंत नुसताच चमचा फिरवत बसला होता. तेवढ्यात नूपुर फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली. पोरगी अकरावीत, वाढली सगळी कोलकात्यात, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी-बंगाली सुखाने नांदायची. तिचं म्हणणं असं, की कपॅसिटर डिस्चार्ज होतो म्हणजे काय होतं ते सरांनी शिकवलं, पण डोक्यात काही घुसलं नाही.

आता हा तर हेमंतच्या पोटापाण्याचा विषय. खिदिरपूरच्या गोदीतल्या क्रेनचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणाऱ्या एका खाजगी कंपनीत तो इंजिनीअर होता. त्याने पेपरच्या कोऱ्या कडेला आकृती काढली. कपॅसिटर विजेचा साठा करतो, मेन स्विच बंद केला तरी तो भरलेलाच राहतो. म्हणून त्याला रेझिस्टर जोडून ठेवतात. साठा त्यातून वाहून जातो, रेझिस्टर तापतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. आधी भराभर, मग हळूहळू. अगदी शून्य कधीच होत नाही, पण ठरावीक वेळाने हात लावण्याजोगा होतो.

"आणि बाबा, रेझिस्टरच तुटला असला तर?"

हेमंतच्या हातातलं पेन थांबलं. "मग कुठे जाणार? आतच बसून राहतो," तो म्हणाला, आणि पोह्यांची बशी तशीच ठेवून उठला.

झालं होतं ते असं. गणपतीच्या आदल्या शुक्रवारी एका जुन्या क्रेनचं पॅनेल तपासताना हेमंतला तो रेझिस्टर जळून तुटलेला दिसला होता. क्रेन त्याच्यावाचूनही चालत होती. शिवाय त्याला घाई होती, कारण मराठी मंडळाच्या गणपतीची रोषणाई दरवर्षी त्याच्याच गळ्यात. सोमवारी बदलू, असं म्हणून त्याने पॅनेल मिटलं. दारावर साधी चिठ्ठीसुद्धा लावली नाही हो! त्यात भर म्हणजे, दिव्यांच्या माळा तपासायला साइटवरचा एकुलता एक मीटर पिशवीत घालून घेऊन गेला.

शनिवारी तीच क्रेन अडली. निमाई हालदार, सगळ्यांचे निमाईदा, सव्वीस वर्षं पॅनेलमध्ये हात घालणारे टेक्निशियन, एकटेच ड्यूटीवर होते. नियम असा, की स्विच बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मीटर लावून बघायचं, मगच हात घालायचा. मीटर सापडेना म्हणून त्यांनी हेमंतला फोन केला. हेमंत स्टुलावर चढून मखराला माळ बांधत होता. दहा मिनिटं थांबा आणि उघडा, काही होत नाही, असं त्याने सांगितलं. जळलेला रेझिस्टर त्याला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही.

निमाईदा थांबले आणि त्यांनी हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची गेली.

इथवर चूक होती. पाप पुढेच आहे. निमाईदांना इस्पितळात नेल्यावर, चौकशीचे साहेब यायच्या आत, हेमंतने नवा रेझिस्टर बसवला आणि जुना खिशात घातला. साहेबांना सगळं ठाकठीक सापडलं. मग दोष कुणाचा? जो थांबला नाही त्याचा. मीटरबद्दल विचारलं तेव्हा निमाईदा म्हणाले, की घाईत लावला नाही. बोडससाहेबांना कशाला मध्ये ओढायचं, असं त्यांना वाटलं असणार. आणि बोडससाहेब समोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

आता उद्या, सोमवारी, निमाईदा चूक कबूल करून सही देणार होते. मग पॅनेलचं काम कायमचं बंद, पुढे गोदामाच्या दारावर बसायचं.

हेमंतने कपाटातून तो रेझिस्टर काढला, मीटर घेतला आणि खिदिरपूर गाठलं.

निमाईदा खाटेवर बसले होते. उजव्या हाताला बँडेज, समोर त्यांचं जुनं मनगटी घड्याळ. बायको आत मासे चिरता चिरता बोलत होती, की जन्मभर लोकांना थांबा म्हणून शिकवलंत आणि स्वतःला दहा मिनिटं धीर धरवला नाही. रोजचंच ते, निमाईदा कसंनुसं हसून म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की घड्याळ त्यांनी दोनदा दुकानात दाखवलं, ते बरोबर चालतंय. म्हणजे बघण्यातच चूक झाली असणार. आताशा वय झालं.

हेमंतला आता कळलं. या माणसाची बोटं तर गेलीच होती, वर आपण त्याचा स्वतःवरचा भरवसाही काढून घेतला. लाज वाटून त्याची मान वर होईना. त्याने तो काळवंडलेला रेझिस्टर खाटेवर ठेवला, शेजारी मीटर ठेवला, आणि शुक्रवारपासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

निमाईदांनी डाव्या हाताने मीटरची एक तार रेझिस्टरला टेकवली. दुसरी हेमंतने धरली. काटा हललाच नाही, म्हणजे रेझिस्टर आतून तुटलेलाच होता. निमाईदांनी तार उचलून पुन्हा एकदा टेकवून पाहिली.

"म्हणजे मी थांबलो होतो?"

"थांबला होतात, निमाईदा. पूर्ण दहा मिनिटं. उद्या साहेबांसमोर मी हेच सांगणार आहे."

निमाईदांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत दारात आली, तेव्हा ते बंगालीत तिला एवढंच म्हणाले, की ऐकलंस का, मी थांबलो होतो. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हेमंतकडे, आणि पदर तोंडाला लावला.

निमाईदांनी घड्याळ उचलून डाव्या मनगटावर ठेवलं. बँडेजच्या हाताने पट्टा लागेना. हेमंत मदतीला पुढे झाला, तसा त्यांनी हात मागे घेतला आणि बायकोपुढे धरला.