एका सीटची फियाट

विमा कंपनीचे सर्व्हेअर सुभाष पाटकर काशीमीऱ्याच्या गॅरेजात पोचले, तेव्हा उन्हाने त्यांचं डोकं ठणकत होतं. चेणे गावच्या दशरथने जुन्या फियाटचा विमा काढायला अर्ज केला होता. त्याआधी गाडीची तपासणी.

सुभाषनी दार उघडलं. ड्रायव्हरची सीट सोडली तर आत काहीच नव्हतं. बॉनेटखाली इंजिनही दुसऱ्याच, मोठ्या गाडीचं.

"मूळचं बंद पडलं," दशरथ म्हणाला. "भंगारात हेच गावलं."

"आणि सीटा?"

"बायकोला बसता येत न्हाय, साहेब. कण्याचं ऑपरेशन झालंय. गादी टाकून मुंबईच्या हॉस्पिटलात नेतो."

सुभाषनी हे सगळं लिहून दिलं. ऑफिसातल्या साहेबांनी वरवर वाचलं.

"मोठं इंजिन, एकच सीट. स्पोर्ट्स कार झाली ही. जादा दर लावा."

"सर, पेशंटसाठी आहे ती."

"मग रुग्णवाहिका म्हणून नोंदवून आणायला सांगा. गाडी कशी आहे ते आपण बघायचं, पाटकर. कशासाठी आहे ते नाही."

रविवारी सुभाष भाईंदरहून चेण्याला गेले. दशरथची बायको पार्वती ओटीवर खाटेवर निजली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"स्पोर्ट म्हंजे?"

"शर्यतीची गाडी."

"शर्यतीची? खड्डा आला की माझ्याआधी हेच कण्हतात." ती हसली, मग तिने पाठ धरली.

"सीटा ठेवल्यात ना?" सुभाषनी विचारलं.

"गोठ्यात हायेत," दशरथ म्हणाला.

"बसवा. मी बघून तसं लिहितो. इंजिन आरटीओत नोंदवून घ्या, म्हणजे साध्या गाडीचा दर लागेल."

"मग परत काढायच्या?"

"हो."

"दर वर्षाला?"

सुभाष उठून गोठ्याकडे निघाले.

कोंबड्यांनी घाण केलेल्या सीटा दशरथने पुसून अंगणातल्या फियाटमध्ये बसवल्या. सुभाषनी उभ्याउभ्याच तपासणी लिहिली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची वारी होती, म्हणून लगेच सीटा काढायला घेतल्या. एक गंजका बोल्ट काही केल्या फिरेना. पाना हातात धरून दशरथ जमिनीवरच बसला.

"माझ्याच्यानं होत न्हाय आता."

सुभाषनी त्याच्या हातातून पाना घेतला. त्यांना असल्या कामाची सवय नव्हती. बोटं सोलवटली, शर्टाला ग्रीस लागलं, पण शेवटी बोल्ट सुटला. दोघांनी मिळून सीट बाहेर काढली, गादी अंथरली. खाटेवर पार्वतीचा डोळा लागला होता. तिला उठवायचं नाही म्हणून दोघेही अंगणातच बसून राहिले.